‘मला हवं’चा कर्ता कोण?

गेली काही वर्षं एक युक्तिवाद मी इतक्या ठिकाणी ऐकलाय, की तो सुरू झाला की पुढची तीन वाक्यं मीच म्हणू शकते. इंग्रज म्हणतो ‘आय वॉन्ट’. ‘मी’ पुढे, क्रियापद त्याच्या मागोमाग, इच्छेची सगळी मालकी स्वतःकडे. आपण म्हणतो ‘मला हवं’. इथे ‘मी’ नाहीच. आहे ते चतुर्थीतलं बिचारं ‘मला’. म्हणजे इच्छा आपण करत नाही, ती आपल्याला होते, सर्दी व्हावी तशी. म्हणूनच आपण पगारवाढ मागताना चाचरतो, प्रेम कबूल करताना परक्या भाषेचा आधार घेतो आणि आयुष्यभर ‘काही नको’ म्हणत राहतो. तेव्हा मनातलं बोलायचं असेल तर इंग्रजीत बोला. याला उत्तर देणारा गट तितक्याच हिरिरीने सांगतो, की आमची भाषा सुसंस्कृत आहे, हवं-नको ओठांवर येऊ न देणं हीच तिची श्रीमंती, ‘मला पाहिजे’ ही हट्टी पोराची बोली. दोघे एकमेकांवर तुटून पडतात. गंमत अशी की मुळातली एक गोष्ट दोघांनाही मान्य असते: इच्छा बोलली जाते की गिळली जाते, ते भाषा ठरवते.

मला तेच मान्य नाही. इच्छा सरळ बोलायची आणि आडून बोलायची, अशा दोन्ही वाटा भाषेत असतात. त्यातली कुठली वाट कोणाला परवडते, हे समोर कोण बसलंय आणि मागणं न आवडल्यास तो काय करू शकतो यावर ठरतं. व्याकरणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं की खरा आरोपी मागच्या दाराने निसटतो. या वादात नेमकं तेच होतंय.

मी परदेशी विद्यार्थ्यांना मराठी शिकवते. काही वर्षांपूर्वी वर्गात एक जर्मन तरुण होता. दुसऱ्याच आठवड्यात त्याने मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं, “मी पाणी हवतो.” वर्ग हसला नाही, कारण बाकीच्यांनाही ते बरोबरच वाटलं होतं. मी सुधारलं: मला पाणी हवं. मग वेळ हवा, वही हवी. त्याने फळ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “म्हणजे ‘हवं’ माझ्याप्रमाणे बदलत नाही, पाण्याप्रमाणे बदलतं? मग या वाक्यात मी काय करतोय?” प्रश्न चोख होता. मी त्याला एवढंच म्हटलं, की तुमच्या जुन्या जर्मनमध्ये तहान लागल्यावर ‘मिख ड्युर्स्टेट’ म्हणतात, त्याचा शब्दशः अर्थ ‘मला तहानतं’. तिथे तुम्ही काय करत असता? तो ओशाळून हसला. आपल्या भाषेतलं चमत्कारिक आपल्याला दिसत नाही, दुसऱ्याचं लगेच दिसतं.

आणि हा ‘चमत्कार’ जगभर पसरलेला आहे. तमिळमध्ये ‘एनक्कु वेण्डुम’, कन्नडमध्ये ‘ननगे बेकु’, तेलुगूत ‘नाकु कावालि’: सगळीकडे ‘मला’. जॉर्जियन भाषेतल्या ‘मिंदा’मध्येही हवं असणारा माणूस कर्त्याच्या खुर्चीत नसतो. आयरिश माणूस एखादी गोष्ट हवी असली की ती ‘माझ्यापासून आहे’ अशा थाटात बोलतो, जणू इच्छा म्हणजे वस्तू आणि आपण यांच्यामधलं अंतर. वेल्शमध्ये गरज ‘माझ्यावर’ असते. स्पॅनिशमधला ‘केरेर’ हा हवं असण्याचा आणि प्रेमाचाही धातू लॅटिनमधल्या ‘शोधणे’ या अर्थाच्या धातूतून आला. आपलं ‘पाहिजे’ही त्याच कुळातलं आहे: ते ‘पाहणे’चं जुनं कर्मणी रूप, म्हणजे ‘पाहिलं जातं’, नजर ज्याला शोधते ते. (‘म्हणजे’ हा शब्दही तसाच, ‘म्हणिजे’ म्हणजे ‘म्हटलं जातं’ यातून आलेला. दिवसातून शंभरदा आपण तेराव्या शतकातलं व्याकरण बोलतो आणि आपल्याला पत्ताही नसतो.) हिंदीतल्या ‘चाहिए’चं मूळही कर्मणीच. स्पॅनिश प्रियकर आणि मराठी गिऱ्हाईक दोघे मुळात शोधतच आहेत. एकाच्या शोधाला कर्ता आहे, दुसऱ्याच्या नाही. एवढ्यावरून कोण धीट आणि कोण भित्रा हे सांगणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

आता ज्या ‘आय वॉन्ट’ची एवढी आरती चालते, त्याची कुळकथा पाहू. हा शब्द इंग्रजीत आला उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतून, आणि त्याचा अर्थ होता ‘उणं असणं’. इच्छेचा अर्थ त्याला बऱ्याच नंतर, साधारण अठराव्या शतकात नीट चिकटला. मूळचा इच्छेचा शब्द ‘विल’ होता. तो झिजत झिजत भविष्यकाळाची खूण होऊन बसला. हेही एकट्या इंग्रजीचं नाही. ग्रीकमधलं भविष्यकाळी ‘था’ हे ‘मला हवंय की’ याचंच आखडलेलं रूप, आणि स्वाहिलीतला भविष्याचा ‘ता’ हा ‘ताका’ म्हणजे ‘हवं असणे’ यातून आला. ‘लाइक’ची कथा तर थेट आपल्या मुद्द्याची आहे. शेक्सपिअरच्या काळापर्यंत इंग्रजीत ‘इट लाइक्स मी’, म्हणजे ‘ते मला आवडतं’, असं आपल्यासारखंच म्हणत. पुढे ‘मी’ कर्त्याच्या जागी आला. मग ज्या पिढीत हा बदल झाला, त्या पिढीतले इंग्रज एकाएकी निर्भीड झाले का? कालपर्यंत त्यांना गोष्टी आवडत होत्या आणि आजपासून ते गोष्टी आवडून घेऊ लागले, असं काही घडलं का? शब्दांचा क्रम पक्का होत गेला, विभक्तीचे प्रत्यय झडले, त्या ओघात हे झालं. मनाचा त्यात हात नव्हता.

आणि मराठीत कर्तरी इच्छा नाही हेही खोटंच. ‘इच्छिणे’ हा धातू आहे. ‘आम्ही कळवू इच्छितो की’ हे वाक्य ज्याला आलं त्याचे हातपाय गार पडतात. मी, आम्ही, क्रियापद, सगळं जागच्या जागी. ते कोण वापरतं? कार्यालयं, नोटिसा, व्यासपीठावरचे अध्यक्ष. प्रियकर ‘मी तुला इच्छितो’ असं म्हणत नाही. म्हटलं तर समोरची व्यक्ती त्याला शिक्का-सही कुठे करायची ते विचारेल. म्हणजे साधन भाषेत आहे, पण वापर अधिकाराने ठरलाय. याहून मोठा पुरावा तर घराघरांत रोज दिला जातो: ‘नको’. ‘मला नको’ यातही तेच चतुर्थीतलं ‘मला’ आहे, तीच कर्ताहीन घडण. हे वाक्य दुबळं आहे असं कोण म्हणेल? दोन वर्षांचं पोर तोंड फिरवून ‘नको’ म्हणतं तेव्हा घरातले चार मोठे हतबल होतात. व्याकरणाने इच्छा पंगू होत असेल, तर त्याच व्याकरणातला नकार इतका भक्कम कसा?

संस्कृतकडे वळलं तर गोष्ट आणखी रंगते. तिथे इच्छेसाठी वेगळा शब्दच लागत नाही; धातूलाच प्रत्यय जोडून ‘ते करण्याची इच्छा’ तयार होते. पिण्याची पिपासा, जाणण्याची जिज्ञासा, सुटण्याची मुमुक्षा, जगण्याची जिजीविषा. ‘भिक्षा’सुद्धा मुळात ‘वाटा मिळावा’ ही इच्छा. आणि ‘शुश्रूषा’ हा तर मला या सगळ्यांत अधिक आवडणारा शब्द: मुळात ऐकण्याची इच्छा, पुढे सेवा. पाणिनीने या प्रत्ययाचं सूत्र सांगताना शेवटी एक ‘वा’ ठेवला आहे. म्हणजे हा प्रत्यय लावा, किंवा सरळ ‘करू इच्छितो’ असं स्वतंत्र क्रियापदाने बोला, दोन्ही चालतं. दोन अडीच हजार वर्षांपूर्वीच्या व्याकरणकाराने एका अक्षरात जे मान्य केलं, ते आजच्या वादात कोणी मान्य करत नाही: भाषा पर्याय देते, सक्ती क्वचितच करते.

क्वचितच, पण करते, आणि इथे मला विरोधकांचं देणं चुकवायला हवं. रोमान याकबसन या भाषाशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये म्हटलं होतं, की भाषांमधला खरा फरक त्या काय सांगू शकतात यात नसतो, काय सांगावंच लागतं यात असतो. जपानीत स्वतःची इच्छा ‘-ताई’ लावून सांगता येते. पण तेच रूप जसंच्या तसं तिसऱ्या माणसाबद्दल वापरणं खटकतं. तिथे ‘-गारू’ लावून ‘त्याला हवंसं दिसतंय’ असं म्हणावं लागतं, कारण दुसऱ्याच्या मनातलं तुम्हाला कसं कळणार? शिवाय वरिष्ठाला ‘तुम्हाला हे घ्यायचंय का’ असं त्याच्या इच्छेला हात घालून विचारणं उद्धटपणाचं ठरतं. ही सक्ती खरी आहे, आणि रोज शेकडो वेळा केलेली सक्ती मनाला काही वळण लावत नसेल असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. रशियनमध्ये ‘या खचू’ म्हणजे ‘मी इच्छितो’ आणि ‘म्न्ये खोचेत्सा’ म्हणजे ‘मला व्हावंसं वाटतंय’ अशी दोन रूपं शेजारी नांदतात. दुसऱ्यात हट्ट कमी आणि लहर जास्त. आना व्हेझ्बित्स्का या विदुषीने अशा कर्ताहीन रचनांत रशियन माणसाच्या दैववादाची छाया पाहिली. त्यांचं काम वरवरचं नाही. पण त्यांच्याच दुसऱ्या सिद्धांतात, जगातल्या सगळ्या भाषांत सापडणाऱ्या मोजक्या मूलभूत कल्पनांच्या यादीत, ‘हवं असणे’ ही एक कल्पना आहे. म्हणजे बांधणी कशीही असो, ‘हवं’ म्हणता न येणारी भाषा त्यांच्याही मते नाही.

दुसरं देणं अधिक वजनाचं आहे. परक्या भाषेत मनातलं बोलणं सोपं जातं, हा अनुभव खोटा नाही. तुर्की मातृभाषा असलेल्या आणि नंतर इंग्रजी शिकलेल्या लोकांवर २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला: लहानपणी खाल्लेल्या दटावण्या तुर्कीत ऐकवल्या की त्वचेवरची विद्युत-प्रतिक्रिया उसळायची, इंग्रजीत ऐकवल्या की तेवढी नाही. ज्याँ-मार्क दवाल या भाषाशास्त्रज्ञाने बहुभाषिकांना विचारलं की ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ हे कुठल्या भाषेत जड वाटतं. सर्वांत जास्त लोकांचं उत्तर पहिली भाषा असंच होतं. म्हणजे इंग्रजीत कबुली देणाऱ्या मराठी तरुणाला मोकळं वाटतं ते इंग्रजी धीट आहे म्हणून नाही, ती त्याला कमी चटका देते म्हणून. हातमोजे घालून निखारा उचलावा तसं. आणि हे दोन्ही बाजूंनी चालतं: मराठी शिकलेली माझी एक स्पॅनिश विद्यार्थिनी तिच्या घरी जे कधी बोलली नसती ते वर्गात मराठीत बिनधास्त बोलायची. तिच्या दृष्टीने मुक्तीची भाषा मराठी होती! मग ‘मला’चा दोष गेला कुठे?

व्याकरणातून वागणूक काढण्याचा मोह मोठमोठ्यांनाही आवरत नाही. कीथ चेन या अर्थतज्ज्ञाने २०१३ मध्ये असं मांडलं, की ज्या भाषांत भविष्यकाळ वेगळा दाखवावाच लागतो, त्या बोलणारे लोक बचत कमी करतात. उद्या त्यांना परका वाटतो म्हणे. कल्पना इतकी देखणी होती की हातोहात खपली. दोन वर्षांनी चेन यांनीच दोन भाषाअभ्यासकांबरोबर तीच आकडेवारी पुन्हा तपासली, भाषांची आपसातली नाती हिशेबात धरली, आणि तो संबंध बराच सैलावला. शेजारी राहणाऱ्या, एका कुळातल्या भाषांचं व्याकरणही सारखं असतं आणि चालीरीतीही. एकामुळे दुसरं घडतं असं त्यावरून ठरत नाही. पण दुरुस्ती कोणाला आठवते? तशीच एक गोड दंतकथा जपानची. नात्सुमे सोसेकी या लेखकाने म्हणे विद्यार्थ्यांना सांगितलं, की जपानी माणूस ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ म्हणणार नाही, ‘चंद्र किती सुंदर आहे’ म्हणेल. सोसेकींच्या लिखाणात हे कुठेही सापडत नाही. तरी ती गोष्ट फिरतेच, कारण परक्या भाषेत माणसं वेगळी असतात हे आपल्याला खरं असायला हवं असतं.

मग इच्छा बोलली जाते की नाही हे ठरतं कशावर? माझ्या आत्याकडे बघा. तिला गार लागत असलं आणि घरात माझे वडील, म्हणजे तिचे थोरले भाऊ, बसलेले असले, की ती पदर खांद्यावरून ओढून घेत म्हणते, “पंखा जरा जोरातच आहे, नाही?” वाक्यात ती नाही, इच्छा नाही, विनंतीसुद्धा नाही. आहे तो फक्त पंखा. माझ्यासमोर ती म्हणते, “अगं, मला गारठल्यासारखं होतंय, कमी करतेस का?” नातू समोर असला की, “बंद कर रे तो पंखा!” तिन्ही वाक्यं दहा मिनिटांच्या आत मी स्वतः ऐकली आहेत. बाई तीच, भाषा तीच, थंडी तीच. बदलला तो ऐकणारा. आणि हीच आत्या शेजारच्या दवाखान्यात गेली की चौथंच वाक्य बोलते: “काही नाही डॉक्टर, बरं आहे.” आता तिला ‘आय वॉन्ट’ शिकवून नेमकं काय साधणार? ती थोरल्या भावाला इंग्रजीत घाबरेल.

इतिहास यापेक्षा कठोर पुरावा देतो. कर्तरी, ताठ कण्याची इंग्रजी बोलणाऱ्या विवाहित इंग्लिश स्त्रीला स्वतःची मालमत्ता स्वतःच्या नावावर ठेवायचा पूर्ण हक्क १८८२ च्या कायद्याने मिळाला. त्याआधी शंभर वर्षं ती ‘आय वॉन्ट’ म्हणतच होती. त्याहून बोचरी गोष्ट अशी, की नवऱ्याला ‘आय डोन्ट वॉन्ट’ म्हटल्याला कायद्याच्या लेखी काही किंमत आहे, हे इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठाने मान्य केलं १९९१ मध्ये. व्याकरण शतकानुशतकं सज्ज होतं. कान सज्ज नव्हते. आपल्याकडे तर नव्या भारतीय न्याय संहितेतही नवऱ्याने पत्नीवर केलेल्या जबरदस्तीला बलात्कार न मानणारा अपवाद कायम आहे, आणि ही संहिता इंग्रजीत लिहिलेली आहे. ‘मला’वर खापर फोडणाऱ्यांनी त्या अपवादाचा कर्ता कोण हे एकदा विचारावं.

उलट आइसलँड पाहा. तिथे ‘मला हवंसं वाटतं’ याला ‘मिग लांगार’ म्हणतात, ‘मी’ची द्वितीया. मुलं चुकून चतुर्थी वापरतात, ‘म्येर लांगार’ म्हणतात, तेव्हा शाळेतले शिक्षक त्याला चक्क ‘चतुर्थीचा आजार’ असं नाव देऊन रागावतात. (मराठी मुलांचं कल्याण आहे, त्यांना हा आजार जन्मजात.) त्या देशातल्या सुमारे नव्वद टक्के बायकांनी २४ ऑक्टोबर १९७५ रोजी घरचं आणि कामावरचं सगळं काम थांबवलं, आणि पाच वर्षांनी व्हिग्दिस फिन्नबोगादोत्तिर निवडून येऊन जगातल्या पहिल्या लोकनियुक्त स्त्री-राष्ट्राध्यक्ष झाल्या. त्यांच्याकडे कर्तरी ‘येग विल’ही आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण ‘मिग लांगार’ने त्यांचा पाय धरून ठेवला नाही, एवढं तर खरं. आणि पश्तूनांच्या ‘लंडई’ घ्या: दोन ओळींच्या, पहिलीत नऊ आणि दुसरीत तेरा अक्षरं असलेल्या द्विपदी. बायकांनी बायकांसाठी रचलेल्या, आणि देहाच्या ओढीबद्दल इतक्या धारदार की भल्याभल्यांची मान खाली जाईल. त्याच भाषेत, त्याच गावात, त्याच बाईला दिवसाउजेडी एवढं बोलण्याची मुभा नाही. लंडईला कवयित्रीचं नाव नसतं. नाव काढलं की इच्छा बोलू लागते. मग अडलं होतं ते काय, धातुरूप?

आता सगळ्यात अवघड आक्षेप. कोणी म्हणेल, तुमचं आडवळणाचं कौतुक पुरे. इच्छेच्या बाबतीत संदिग्धता ही मौज नाही, धोका आहे. ‘नाही’ म्हणजे ‘हो’ असं समजणाऱ्यांनी किती आयुष्यं नासवली! म्हणून स्पष्ट शब्द हवेत, आणि भाषेने ते सोपे केले पाहिजेत. हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही, कारण आपल्या परंपरेतच त्याला खतपाणी सापडतं. महाराष्ट्री प्राकृतातल्या गाथांमध्ये एक प्रसिद्ध गाथा आहे: घरातली तरुण स्त्री वाटसरूला दिवसाउजेडीच दाखवून ठेवते की सासू इथे झोपते, मी इथे, रातांधळ्या पांथस्था, आमच्या अंथरुणावर येऊन पडू नकोस हं. नवव्या शतकातल्या आनंदवर्धन या काव्यशास्त्रकाराने ती ध्वनीचं, म्हणजे शब्दांपलीकडे सुचवलेल्या अर्थाचं, उदाहरण म्हणून घेतली: शब्दांत निषेध, अर्थात आमंत्रण. झालं, ‘नकारात होकार असतो’ म्हणणाऱ्यांना शास्त्राधार मिळाला!

पण त्यांनी त्याच पानावरची आधीची गाथा वाचलेली नसते. तिच्यात एक स्त्री धर्मभोळ्या माणसाला सांगते, खुशाल हिंड बाबा, तुला भेवडावणारं ते कुत्रं गोदाकाठच्या झाडीतल्या सिंहाने आज मारलं. शब्दांत मोकळीक, अर्थ मात्र ‘इकडे फिरकू नकोस’, कारण ती जागा तिच्या भेटीगाठींची आहे. इथे होकारात नकार आहे. आनंदवर्धनाने दोन्ही शेजारी ठेवल्या. त्याचं म्हणणं ‘बाईच्या शब्दाला अर्थ नसतो’ असं नव्हतं. बोलणारी कोण, कोणाशी, कुठे, कशासाठी बोलते हे लक्षात घेतल्याशिवाय अर्थ लागत नाही असं होतं. दोन्ही गाथांत बेत तिचाच आहे. ज्याला फक्त वाटसरूचीच गाथा आठवते, त्याची अडचण रसिकतेची नाही.

आणि ‘मला कळलंच नाही’ ही सबब तपासूनही झाली आहे. सेलिया किट्झिंगर आणि हॅना फ्रिथ या संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवलं, की रोजच्या व्यवहारात माणसं नुसतं ‘नाही’ जवळजवळ कधीच म्हणत नाहीत. थांबतात, ‘अं’ करतात, कारण देतात, ‘पुढच्या वेळी नक्की’ म्हणतात. आणि ऐकणाऱ्याला तो नकार आहे हे बिनचूक कळतं. फिरायला यायचं का या प्रश्नावर ‘आज जरा काम आहे’ असं उत्तर आलं तर कोणी मित्राला फरपटत नेत नाही. मग तोच नकार एका विशिष्ट प्रसंगीच कळेनासा का होतो? तरुण मुलींना ‘ठामपणे नाही म्हणायला शिका’ असं सांगणाऱ्या कार्यशाळा भरतात. त्यांचा हेतू चांगला असतो, पण त्या नकळत मान्य करतात की गोंधळ बोलण्यात होता. आपल्या कायद्यातली संमतीची व्याख्या याबाबत अधिक शहाणी आहे: शब्दांनी, हावभावांनी किंवा इतर कुठल्याही शाब्दिक-अशाब्दिक रीतीने कळवलेली निःसंदिग्ध, स्वेच्छेची तयारी. होकार कसाही कळवा, पण तो होकारच असला पाहिजे. आणि नुसता प्रतिकार केला नाही म्हणजे होकार झाला असं नाही. स्वीडनने १ जुलै २०१८ पासून याच दिशेने कायदा बदलला, स्वेच्छेचा सहभाग नसेल तर गुन्हा. दोन्हीकडे ओझं हललंय ते बोलणाऱ्याकडून ऐकणाऱ्याकडे. मघाची जपानी ‘-गारू’ आठवते? दुसऱ्याला हवंय असं तुम्ही परस्पर ठरवू शकत नाही. दिसतं तेवढंच सांगा.

यावर एक शंका उरते: मग सरळ बोलायला शिकवूच नये का? शिकवावं की. जिथे मागण्याने काही बिघडत नाही तिथे आडवळण घेणं हा नुसता आळस असतो, आणि आपल्यात तोही भरपूर आहे. मराठीतल्या ‘बघू’ने किती संध्याकाळी खाल्ल्या असतील! पण ज्या बाईला, ज्या कामगाराला, ज्या मुलाला मागितल्याची किंमत मोजावी लागते, त्याला ‘तुझ्या वाक्यात कर्ता नाही’ असं सुनावणं हे लंगड्याला चपलांच्या फॅशनवर व्याख्यान देण्यासारखं आहे.

मी वर्गातला एक तास बदललाय. पूर्वी ‘मागायला शिका’ असा धडा होता: मला हवं, मला पाहिजे, देता का, मिळेल का. आता त्याच्या जोडीला अर्धा तास उलटा असतो. मी फक्त बोलते आणि विद्यार्थ्यांनी हो की नाही एवढंच लिहायचं. “आत्ता कशाला.” “राहू दे.” “येईन की.” “तुम्ही म्हणत असाल तर…” “घरी विचारून सांगते.” मध्येच मी काहीच न बोलता खिडकीबाहेर पाहते, तेही लिहायचं. सहा महिन्यांचं मराठी पदरात असलेली ही माणसं, त्यांना ‘हवं’ आणि ‘हवी’ अजून धड जमत नाही, पण कागद तपासताना एखाददुसरं सोडलं तर चूक सापडत नाही. खिडकीबाहेर पाहण्यापुढे गेल्या खेपेला सगळ्यांनी ‘नाही’ लिहिलं होतं. ‘हवतो’वाल्या त्या जर्मनाच्या तुकडीत मात्र “तुम्ही म्हणत असाल तर…” यावर वाद झाला. अर्ध्यांनी हो लिहिलं, अर्ध्यांनी नाही, आणि त्याने दोन्ही खोडून तिसरंच लिहिलं होतं, मोडक्या देवनागरीत: “परत विचारा.”